भाकरी फुगते कशाने?

पाव करून मुलांना गणित-विज्ञान शिकवायचं म्हटलं की ओव्हन, यीस्ट, मैदा अशी यादी पुढे येते. सेलू-जिंतूरकडच्या शाळेत हे सगळं आणायचं कुठून, म्हणून विषय तिथेच संपतो. वास्तविक ज्या परभणीच्या कृषी विद्यापीठाने 'परभणी मोती', 'परभणी शक्ती' यांसारखे ज्वारीचे वाण दिले, त्या जिल्ह्यात काठवट, तवा आणि ज्वारीचं पीठ एवढ्यावर काम भागतं.

भाकरी फुगते ती हवेने, असं मुलंच नव्हे तर मोठी माणसंही सांगतात. खरी करामत वाफेची. 1 ग्रॅम पाण्याची 100 अंश सेल्सिअसला सुमारे 1.7 लिटर वाफ होते! भाकरीच्या दोन्ही बाजू धरल्या की आतला ओलावा वाफ होऊन अडकतो आणि पापुद्रा सुटतो. काठाला चीर पडली असेल, तर वाफ तिथूनच निसटते.

पावाची गोष्ट निराळी. यीस्टमुळे कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि गव्हातलं ग्लुटेन तो धरून ठेवतं.

मग ज्वारीच्या पिठात यीस्ट घातलं, तर तसाच पाव होईल? मुलांनाच तपासू द्यावं. गव्हाचा आणि ज्वारीचा असे दोन उंडे पातेल्यातल्या पाण्यात हळूहळू चोळून धुवायचे. गव्हाचा स्टार्च दुधाळ होऊन निघून जातो आणि हातात ताणला जाणारा चिवट गोळा उरतो. ज्वारीचा उंडा विस्कटून जातो, हाती काही लागत नाही. म्हणूनच भाकरीला आधणाचं पाणी लागतं. उष्णतेने स्टार्च फुगून चिकट होतो आणि भाकरी थापता येते.

वाट्या मोजल्या की गणित झालं, हाही गैरसमजच. 20 सेंटिमीटर व्यासाची भाकरी तेवढ्याच जाडीची पण 25 सेंटिमीटरची केली, तर पीठ किती वाढेल? व्यास पावपट वाढला म्हणून पीठही पावपट, असं चटकन वाटतं. पण क्षेत्रफळ 314 वरून 491 चौरस सेंटिमीटरवर जातं. पीठ दीडपटीहून जास्त लागतं.

आणि हा धडा फक्त मुलींचा नाही. बालभारतीने 2019 मध्येच दुसरीच्या पुस्तकात आई-बाबांना मिळून भाजी निवडताना दाखवलं आहे.

नुसतं करून दाखवल्याने मात्र फार थोडं शिकून होतं. तवा आणि आधण मोठ्यांनी सांभाळावं, अंदाज मुलांनी आधी वहीत लिहावा. थापलेली भाकरी आणि भाजलेली भाकरी यांच्या वजनात किती फरक पडेल? हिशेबात वरून फिरवलेलं पाणीही धरायचं.