साखर न खाणाऱ्या माणसाची साखर

आमचे अण्णा आयुष्यभर बिनसाखरेचा चहा पीत आले. अंगाने काटकुळे, रोज पहाटे पर्वती चढून येणारे. त्यामुळे निवृत्तीनंतर रक्ततपासणीत मधुमेह निघाला, तेव्हा त्यांनी तो कागदच खोटा ठरवला. ‘‘जो माणूस साखरेला शिवत नाही, त्याच्या रक्तात साखर येईल कुठून?’’ हा त्यांचा अस्सल पुणेरी सवाल. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या महिनाभर कपाटात पडून राहिल्या. आईने समजावले, रडून पाहिले, शेवटी अबोला धरला. भाताचे दोन मूद मात्र रोज ताटात पडतच होते.

उत्तर सापडले ते माझ्या शाळकरी मुलीच्या विज्ञानाच्या पुस्तकात. एका रविवारी तिने भाताची कोमट पेज दोन वाट्यांत काढली आणि एका वाटीत आजोबांना चक्क थुंकायला लावले! आई ‘शी!’ म्हणून आत निघून गेली. पाऊण तासाने मुलीने दोन्ही वाट्यांत आयोडीनचा एकेक थेंब टाकला. साधी पेज क्षणात निळीकाळी झाली. लाळेची वाटी मात्र पिवळसरच राहिली.

‘‘आजोबा, हिच्यातला स्टार्च गेला कुठे?’’

अण्णा प्रथमच गप्प झाले.

स्टार्च म्हणजे पिष्ट, ग्लुकोजच्या असंख्य मण्यांची लांबलचक माळ. भात, पोळी, भाकरी, बटाटा, साबुदाणा या सगळ्यांत तीच. माळ आहे तोवर जिभेला गोड लागत नाही. पण आपल्या लाळेत अमायलेज नावाचे विकर असते. ते कात्रीसारखे ही माळ कापत जाते आणि तिच्यातून माल्टोज नावाची साखर सुटू लागते. लाळेने पिष्टाची साखर होते हे जर्मन शास्त्रज्ञ लॉइख्स यांनी १८३१ सालीच दाखवून दिले होते. कोरड्या पोळीचा तुकडा मिनिटभर चघळून पाहा. हळूहळू गोडसर लागेल.

तोंडात घास राहतो तो किती वेळ! जठरात गेल्यावर तिथले आम्ल या विकराला थोपवते, तरी घासाच्या आतल्या भागात त्याचे काम काही काळ चालूच राहते. मग लहान आतड्यात स्वादुपिंडाचे अमायलेज उरलेली माळ तोडते, आतड्याच्या अस्तरातली विकरे शेवटचे मणी सुटे करतात आणि ग्लुकोज रक्तात उतरते. म्हणजे साखरेचा डबा फडताळात बंद असला, तरी साखर रोज ताटातून येतच असते.

‘‘पण मी तर हा असा किडकिडीत!’’ अण्णांचा शेवटचा मोर्चा. त्यालाही उत्तर पुण्यातच होते. इथल्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी यडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे, निर्देशांक २२.३. पण शरीरातली चरबी यडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के! वरून सडपातळ दिसणाऱ्या भारतीय देहात चरबी लपलेली असू शकते, आणि मधुमेहाला तेवढे पुरते.

एक खुलासा करायला हवा. घास नीट चावला म्हणून त्यातली साखर कमी होत नाही. उलट पिष्ट विकराच्या हाती अधिक लागते. सावकाश जेवण्याचा फायदा वेगळा आहे. पोट भरल्याचे वेळेवर कळते आणि हात आपोआप थांबतो. साखर आवरायची तर भाताचे माप आवरावे लागते, आणि दिलेले औषध घ्यावे लागते.

त्या दुपारी अण्णांनी काही कबूल वगैरे केले नाही. फक्त दुसरी मूद वाढायला आलेल्या आईपुढे ताटावर आडवा हात धरला आणि म्हणाले, ‘‘ती गोळी जेवणाआधी घ्यायची की नंतर?’’

महिनाभराचा अबोला सोडून आई म्हणाली, ‘‘आधी.’’