भूक पोटाची आणि भूक मनाची

आज काल्याचं कीर्तन, म्हणजे खाण्याचा विषय निघणारच. पण भूक लागल्यावर जे खातो त्याबद्दल आज बोलायचं नाही. पोट भरलेलं असताना जे खातो, त्याबद्दल बोलायचं आहे.

बघा, रात्री जेवणं झाली, भांडी झाली, ओटा पुसला. तेवढ्यात मुलाचा फोन आला. बोलता बोलता दोन शब्द वाकडे गेले. फोन ठेवला आणि पाय कुठं वळले? फडताळाकडे! चिवड्याचा डबा उघडला, उभ्या उभ्याच एक मूठ, मग दुसरी. दिवासुद्धा लावला नाही, कुणी बघायला नको. हसू नका माउली, हा डबा घरोघर आहे. आता सांगा, ही भूक कुणाची? पोट तर तासाभरापूर्वीच भरलं होतं.

पोटाची भूक हळूहळू येते. ती थोडी थांबते, आणि तिला सकाळची भाकरीसुद्धा चालते. मनाची भूक एकदम येते. आत्ताच पाहिजे म्हणते आणि ठरावीकच मागते: गोड, नाहीतर तळलेलं, नाहीतर खारं. पोट भरलं की पहिली शांत होते. दुसरी होत नाही, कारण ती पोटात नव्हतीच. उलट खाल्ल्यावर वर लाजेचं ओझं बसतं, आणि त्या लाजेपायी पुन्हा डबा उघडतो.

हे का होतं? चिंता, दुःख फार दिवस मुक्काम करून राहिलं की शरीरात कॉर्टिसॉल नावाचा रस वाढतो. त्यानं भूक वाढते आणि गोडाची, तेलकटाची ओढ लागते. ते खाल्लं की घटकाभर बरं वाटतं. खोटं नाही ते, खरंच वाटतं. मन तेवढं बरोबर लक्षात ठेवतं. शिवाय ही शिकवण आपणच दिलेली. पोरगं पडलं, रडलं, की आजीनं हातावर गुळाचा खडा ठेवला. आजीनं प्रेमच केलं हो. पण पोरगं शिकलं की दुखलं म्हणजे गोड खायचं. म्हणून असं खाणाऱ्याला हावरट म्हणू नये.

मग माणूस स्वतःवर चिडतो आणि म्हणतो, उद्या कडक उपास! इथं सांभाळा. गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंतांनी साफ सांगितलं आहे की फार खाणाऱ्याला योग साधत नाही आणि अजिबात न खाणाऱ्यालाही साधत नाही. आपण पहिलं अर्धं ऐकतो. रागानं केलेला उपास रात्री डब्यापाशीच सुटतो. एकादशी ही काही शिक्षा नाही. आणि तिचीही आपण काय गत केली? शंभर ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात साधारण साडेतीनशे कॅलरी, जवळजवळ सगळं पिष्ट. वर दाण्याचं कूट, वर तूप. एकादशी अन् दुप्पट खाशी हे आपल्याच लोकांनी म्हणून ठेवलं आहे! मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल त्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपास धरूच नये. औषध घेऊन उपाशी राहिलं तर साखर एकदम खाली येते, आणि त्यात जिवावर बेतू शकतं.

मग करायचं काय? वारी आठवा. आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर. दुःखं काय घरी ठेवून निघतो आपण? कुणाचं पीक गेलेलं असतं, कुणाच्या घरचं माणूस गेलेलं असतं. पण तिथं पाय चालतात, तोंडात नाम असतं, हातात टाळ असतो आणि शेजारी चालणारा विचारतो, काय माउली, आज गप्प का? वेळेवर पंगत बसते, सगळ्यांबरोबर जेवण होतं. आषाढी पौर्णिमेला गोपाळपूरला काला होतो, तोही सगळ्यांनी मिळून. गोपाळांनी शिदोऱ्या एकत्र केल्या, अंधारात कोपऱ्यात बसून कुणी खाल्लं नाही. मग घरी आलो की चालणं संपलं, टाळ खुंटीला, विचारणारं कुणी नाही. उरला डबा.

एक ताई आहेत. यजमान गेले, मुलं शहरात. संध्याकाळी सात ही यजमानांची घरी यायची वेळ. त्या वेळेला त्यांचा हात रोज पेढ्यांच्या पुड्याकडे जायचा. साखर वाढली, डॉक्टर रागावले, तरी सुटेना. मग शेजारणीनं विचारलं, अहो, नेमकं सातलाच का? तेव्हा कुठं त्यांना रडू आलं. आता साताला त्या देवळात हरिपाठाला येतात. पेढा पूर्ण सुटला नाही, सणावाराला खातात. गोळ्याही चालू आहेत. पण सात वाजता त्या एकट्या नसतात.

नाम घ्या म्हणजे खाणं सुटेल, असं मी सांगणार नाही. नाम म्हणजे डब्याचं कुलूप नव्हे. पण डब्याकडे हात गेला की दहा मिनिटं थांबा. पाणी प्या, एक माळ ओढा आणि स्वतःला विचारा, आत्ता काय झालं? राग असेल तर अंगणात चार फेऱ्या मारा. एकटं वाटत असेल तर बहिणीला फोन लावा. थकवा असेल तर सरळ झोपा. झोप अपुरी पडली की भूक वाढतेच. एवढं करूनही खावंसं वाटलं तर खा, पण ताटलीत वाढून, दिवा लावून, बसून. आणि कुणाला खाणं आवरतच नसेल, किंवा खाऊन मुद्दाम उलटी काढायची सवय लागली असेल, तर तो आजार आहे. त्याला डॉक्टरच पाहिजे, माझं कीर्तन पुरणार नाही.

आणि सासूबाई, रात्री सून डबा उघडताना दिसली तर 'किती खातेस' म्हणू नका. 'काय झालं गं?' एवढं विचारा, आणि ती बोलेपर्यंत तिथंच बसा.