अक्षरांशी झगडणारे मूल : शाळेने काय करावे, आपण काय मागावे

वर्गात सांगितलेली गोष्ट ऐकून ती घरी बारकाव्यांसह सांगणारे, तोंडी हिशेब चटकन करणारे, पण तीच गोष्ट पुस्तकातून वाचायला दिली की पहिल्याच ओळीत अडखळणारे मूल आपण पाहिले असेल. ‘बोलताना हुशार, लिहिताना आळशी’ असा शेरा त्याच्या प्रगतिपुस्तकात हमखास असतो. वास्तविक अशा अनेक मुलांच्या बाबतीत प्रश्न आळसाचा नसून डिस्लेक्सियाचा, म्हणजे वाचनाशी निगडित अध्ययन अक्षमतेचा असतो. बुद्धिमत्तेशी तिचा संबंध नाही. ध्वनी आणि अक्षर यांची सांगड घालण्याच्या मेंदूच्या कामात ही अडचण येते. ती बहुधा आनुवंशिक असते. शालेय वयाच्या सुमारे ५ ते १५ टक्के मुलांत अध्ययन अक्षमता आढळते असे मानले जाते. म्हणजे चाळीस मुलांच्या वर्गात अशी दोन ते सहा मुले असू शकतात.

मराठीत ती कशी दिसते?

इंग्रजीत उच्चार आणि स्पेलिंग यांचा मेळ नसल्याने अडचण लवकर उघडी पडते. मराठीत अक्षराचा उच्चार बहुतांशी ठरलेला आहे. त्यामुळे मूल हळूहळू बरोबर वाचू लागते, पण वेग वाढत नाही. चौथीत गेले तरी ते अक्षर अक्षर जुळवत राहते आणि वाक्याच्या शेवटाशी पोहोचेपर्यंत सुरुवात विसरते. देवनागरीची स्वतःची वळणेही आहेत. ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी दिसते, स्वर मात्र नंतर उच्चारला जातो. ‘सूर्य’मधला र कानाला आधी ऐकू येतो, पण कागदावर तो य च्या डोक्यावर बसतो. घ-ध, भ-म, थ-य यांतील फरक एखाद्या रेघेचा वा गाठीचा असतो. जोडाक्षरे गाळणे, काना-मात्रा सोडणे, फळ्यावरचे उतरवून घेताना ओळ चुकणे या खुणा पहिलीत सर्वच मुलांत दिसतात. त्या दुसरी-तिसरीनंतरही टिकून राहिल्या, तर मात्र त्यांकडे दुर्लक्ष करू नये.

शाळेतील पडताळणी

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ या कायद्याने विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश २१ दिव्यांगत्वांत केला. त्याच्या कलम १६नुसार, मुलांमधील अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखून योग्य उपाय योजणे ही सरकारी अनुदानित वा मान्यताप्राप्त शाळांची जबाबदारी आहे. म्हणून ‘आमच्या मुलाची पडताळणी करावी’ ही आपली विनंती म्हणजे शाळेकडे मागितलेला उपकार नव्हे.

पडताळणीची साधनेही उपलब्ध आहेत. मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने ‘डाली’ हा चाचणीसंच तयार केला, तो मराठीतही आहे. त्यात पहिली-दुसरीसाठी एक आणि तिसरी ते पाचवीसाठी दुसरी अशा निरीक्षणसूची शिक्षकांसाठी आहेत. मानसशास्त्रज्ञांसाठीच्या सखोल चाचण्या वेगळ्या आहेत. एनसीईआरटीने २०२२मध्ये आणलेल्या ‘प्रशस्त’ या मोबाइल अ‍ॅपमधूनही शिक्षकांना प्राथमिक नोंद करता येते.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. शिक्षकांची सूची निदान करत नाही, ती केवळ पुढील तपासणीची गरज दाखवते. त्या तपासणीत प्रथम डोळे आणि कान तपासले जातात, कारण चष्म्याचा नंबर किंवा कमी ऐकू येणे यांमुळेही मूल अशाच चुका करते. त्यानंतर मानसशास्त्रज्ञ बुद्धिमापन करतात आणि वाचन, लेखन व गणित यांच्या चाचण्या घेतात. मूल दोन भाषांत शिकत असेल, तर दोन्ही भाषांतील वाचन पाहावे असा आग्रह धरा. निश्चित निदान साधारणपणे आठव्या वर्षाच्या सुमारास होते. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात यासाठी स्वतंत्र विभाग आहे.

प्रमाणपत्र आणि शिकवणे

निदानाचे प्रमाणपत्र मिळाल्यावर परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष अशा सवलती नियमांनुसार मिळू शकतात. या सवलती न्याय्यच आहेत. तथापि, बऱ्याच घरांत प्रमाणपत्राची धावपळ नववीत सुरू होते आणि दहावीच्या परीक्षेबरोबर संपते. सवलतीने परीक्षा सुकर होते, वाचन सुधारत नाही. वाचन सुधारते ते विशेष शिक्षकाच्या उपचारात्मक अध्यापनाने. लहान गटात, आठवड्यातून अनेकदा, ध्वनीकडून अक्षराकडे आणि अक्षराकडून शब्दाकडे पायरीपायरीने हे शिकवणे चालते. शब्दातील ध्वनी टाळी वाजवून सुटे करणे, वाळूत बोटाने अक्षर गिरवताना त्याचा उच्चार करणे, एकच जोडाक्षर अनेक शब्दांत ओळखणे अशा कृतींतून डोळा, कान आणि हात एकाच वेळी कामाला लागतात. हे काम जितके लवकर सुरू होईल, तितके बरे. आठव्या वर्षाची वाट पाहत बसण्याचे कारण नाही, कारण अशा सरावासाठी प्रमाणपत्र लागत नाही.

शाळेत कोणते प्रश्न विचारावेत?

• शाळेत विशेष शिक्षक आहे का? नसल्यास समग्र शिक्षा योजनेतील शिक्षकाची मदत मिळेल का?
• मुलाला सर्वांसमोर मोठ्याने वाचायला लावणे टाळता येईल का?
• विज्ञान, इतिहास यांचे उत्तर तोंडी घेता येईल का?
• दर तीन महिन्यांनी प्रगतीचा आढावा लेखी मिळेल का?

घरी काय करावे?

रोज पंधरा-वीस मिनिटे शांतपणे एकत्र वाचा. एक ओळ आपण, एक ओळ मुलाने. अडले तर शब्द सांगून पुढे जा. तीच पाने दहा वेळा लिहून घेऊ नका, त्याने थकवा वाढतो आणि गोडी जाते. भावंडांशी तुलना टाळा. चित्रकला, मैदान, यंत्रांची जोडाजोड यांपैकी ज्यात मूल रमते, ते अभ्यासाच्या नावाखाली बंद करू नका.

‘शिक्का बसेल’ या भीतीने अनेक पालक तपासणी पुढे ढकलतात. पण तपासणी न केल्याने शिक्का टळत नाही. ‘ढ’, ‘आळशी’, ‘बेशिस्त’ हे शिक्के वर्गात आधीच बसलेले असतात आणि मूल ते खरे मानू लागते. अडचणीला तिचे नेमके नाव मिळाले, तर मुलाला निदान एवढे तरी कळते की दोष आपला नाही आणि वाट आहे.