शाम्पू बदलण्याआधी टाळू बघा

नंदुरबार जिल्ह्यातल्या आमच्या चिंचपाड्यात कुणाचे केस गळायला लागले की पहिला सल्ला ठरलेला: तेल बदल. पण दिसतो तो केस निर्जीवच असतो. जिवंत असतं ते टाळूतलं मूळ. काळजी त्याची घ्या.

कोंड्याचंच बघा. मॅलॅसेझिया नावाची बुरशी जवळपास प्रत्येकाच्या टाळूवर असते आणि तिथल्या तेलकटपणावरच जगते. कोंडा असताना रात्रभर तेल थापणं म्हणजे तिला पंगतीला बसवणं! त्यापेक्षा कीटोकोनॅझोल या बुरशीनाशक औषधाचा शाम्पू आठवड्यातून दोनदा लावा. फेस ३ ते ५ मिनिटं टाळूवर राहू द्या, मग धुवा. लगेच धुतला तर पैसे पाण्यात. उन्हातान्हात शेतात राबणाऱ्यांनी घामट डोकं जास्त वेळा धुतलं तरी बिघडत नाही.

लहान मुलाच्या डोक्यावर केस तुटलेला, खवलेदार गोल चट्टा दिसला तर बहुधा गजकर्ण. त्याला नुसतं मलम पुरत नाही, पोटातून औषध लागतं. डॉक्टर गाठा, फणी वेगळी ठेवा.

दोष नेहमी टाळूचाच असतो असंही नाही. जानेवारी २०२५ मध्ये बुलढाण्याच्या शेगाव तालुक्यात काही दिवसांत लोकांना टक्कल पडलं. संशय आधी पाण्यावर, शाम्पूवर गेला, पुढे संशोधक डॉ. हिंमतराव बावस्करांनी रेशनच्या गव्हातल्या जादा सेलेनियमकडे बोट दाखवलं. आपल्या नंदुरबारात रक्तक्षय फार, आणि लोह कमी पडलं तरी केस गळतात. रोज ५० ते १०० केस जाणं नेहमीचंच. झुबकेच हातात येत असतील तर तेलाच्या बाटलीआधी हिमोग्लोबिन तपासून घ्या.