टोक्यो रिव्हेंजर्स : शेवटी रीडिंग जुळवलं!

(सूचना : ज्यांची ही मंगा वाचायची राहिली आहे त्यांनी खुशाल पान उलटावं. खाली शेवटासकट सगळं सांगितलंय.)

केन वाकुई यांची 'टोक्यो रिव्हेंजर्स' २०१७ ते २०२२ या काळात 'वीकली शोनेन मॅगझिन'मध्ये चालली. २७८ प्रकरणं, ३१ खंड. विषय म्हणजे जपानी शाळांतली टगी पोरं, त्यांच्या मोटारसायकली, टोळ्या आणि मारामाऱ्या. नायक ताकेमिची २६ वर्षांचा, आयुष्यात काहीच धड न जमलेला. शाळेतली मैत्रीण हिनाता टोळीच्या भानगडीत मेल्याची बातमी त्याला टीव्हीवर दिसते. मग तिचा भाऊ नाओतो याच्याशी हात मिळवला की हा पठ्ठ्या बरोबर १२ वर्षं मागे, २००५ सालात जातो.

आता यातली गोम बघा. वर्तमानात एक दिवस सरला की भूतकाळातही एक दिवस सरतो. म्हणजे तिथे जो गेला तो गेलाच. ३१ ऑक्टोबर २००५ च्या मारामारीत बाजी मरतो (नाव आपल्याकडचं वाटतं, पण गडी जपानी). काझुतोराने त्याला भोसकलेलं असतं. मित्रावर खुनाचा ठपका येऊ नये म्हणून बाजी स्वतःच्याच हाताने पोटात सुरा खुपसतो. त्याच काझुतोराने आधी टोळीप्रमुख मायकीच्या मोठ्या भावाचा, शिनिचिरोचा जीव घेतलेला असतो. तरी मायकी त्याला माफ करतो. ही माफी काळजाला भिडते, कारण मेलेली दोन्ही माणसं परत येणार नसतात.

खलनायकांचं काय? किसाकी हा खरा जमलेला खलनायक. चष्मेवाला हुशार पोरगा, मारामारीत शून्य. हिनाताला ताकेमिची आवडतो, म्हणून हा त्याची नक्कल करत सगळ्यात मोठा टगा व्हायला निघतो आणि तिने नकार दिल्यावर तिच्याच जिवावर उठतो. कारण किती क्षुल्लक! पण म्हणूनच पटतं. २००६ च्या फेब्रुवारीत 'तूही काळात मागे येतोस का?' या प्रश्नाचं उत्तर तोंडातच राहून तो ट्रकखाली जातो.

इथून गाडी घसरते. किसाकी संपला, मग आता वाईट कोण? साउथ तेरानो येतो. धिप्पाड, हिंसेतच वाढलेला, पण ताकेमिचीशी त्याचं जुनं देणंघेणं काहीच नाही. त्यालाही मायकी मारून टाकतो. शेवटी खलनायक उरतो मायकीच्या मनातला अंधार. ही कल्पना उत्तम होती. भाऊ गेला, मित्र गेले, माणूस आतून किडत जाणारच. पण लेखक सांगतो की तो शाप आहे : शिनिचिरोने काळात मागे जायची शक्ती मिळवायला एकाला मारलं, त्याचं हे फळ. झालं! मायकीची जबाबदारीच संपली. शापाला कोण माफ करणार?

मग शेवट. मायकीच्या तलवारीने ताकेमिची मरायला टेकतो आणि दोघे मिळून थेट १९९८ मध्ये, लहानपणात पोचतात. सगळे वाचतात, किसाकीसुद्धा सुधारून टोळीत येतो, आणि शेवटी ताकेमिची-हिनाताचं लग्न. आपण प्रॅक्टिकलला ग्राफ आधी काढून रीडिंग मागून भरतो ना, अगदी तसं.

लेखकाची बाजूही मांडायला हवी. इतकी वर्षं एकट्याने रडत झगडणाऱ्या पोराला शेवटी जोडीदार मिळावा, हा विचार चांगलाच आहे. किसाकीला लहानपणी कुणीतरी मित्र म्हणून जवळ केलं असतं तर, हा प्रश्न तर फारच मोलाचा. पण तो बदल घडताना दिसायला हवा होता. सबंध दहा वर्षांची मेहनत थोड्याशा पानांत उरकली आहे. शिवाय बाजी मेलाच नाही म्हटल्यावर मायकीने केलेल्या त्या माफीला काय अर्थ उरला?

तरी वाचा. किसाकी मरेपर्यंतचा भाग तर नक्कीच. पुढचं वाचून कुणाला शेवट पटला तर मेसमध्ये भेटा, वाद घालायला आम्ही तयार आहोत.