विड्या वळणारा मुलगा न्यायाधीश झाला

दहावीचा निकाल लागला की आपल्या मोहल्ल्यांत एक प्रश्न घरोघरी येतो. पुढे शिकवायचे, की कामाला लावायचे? गॅरेज, बेकरी, फळांची गाडी, पॉवरलूम, कुठे ना कुठे हात लागतोच. "वर्षभर कमावू दे, मग बघू," असे म्हणतात. पण ते वर्ष सरत नाही आणि शाळा कायमची मागे पडते.

केरळच्या कासरगोड जिल्ह्यातील सुरेंद्रन पट्टेल यांच्याही वाट्याला हे वर्ष आले होते. आईवडील मजुरी करणारे. दहावीनंतर शिक्षण थांबले आणि सुरेंद्रन विड्या वळू लागले. बहिणीबरोबर लहानपणापासून ते हे काम करत होतेच. सोलापूर, सिन्नर, कामठीच्या वाचकांना विडीचे काम समजावून सांगायला नको. पान कापायचे, तंबाखू भरायचा, वळायचे, दोरा बांधायचा. हजाराचा हिशेब पुरा होईपर्यंत मान वर करायची नाही.

पण त्या एका वर्षानेच त्यांना विचार करायला लावले. आयुष्यभर हेच करायचे का? ते पुन्हा शिकू लागले. कॉलेजात गेल्यावरही विड्यांचे काम सुटले नाही, म्हणून हजेरी कमी भरली आणि परीक्षेला बसू देण्यास नकार मिळाला. त्यांनी शिक्षकांना विनवले की एक संधी द्या, गुण कमी पडले तर मी स्वतःच शिक्षण सोडतो. संधी मिळाली आणि निकालात ते पहिले आले. पुढे कालिकतच्या लॉ कॉलेजात प्रवेश झाला. पहिल्या वर्षाच्या खर्चासाठी मित्रांकडून उसने पैसे घ्यावे लागले. नंतर एका हॉटेलात साफसफाईचे काम मिळाले आणि त्यावर शिक्षण निभावले. 1995 साली ते वकील झाले.

परक्या देशात पुन्हा पहिल्यापासून

आधी होसदुर्गला आणि नंतर दिल्लीत त्यांची वकिली चालू होती. पत्नी नर्स. तिला अमेरिकेत नोकरी मिळाली आणि 2007 मध्ये कुटुंब टेक्सासला, ह्यूस्टनला गेले. तिथे भारतातली सनद चालत नाही. अनुभवी वकिलाने किराणा दुकानात नोकरी धरली. पण अभ्यास सोडला नाही. टेक्सासची वकिलीची परीक्षा पहिल्याच प्रयत्नात पास केली आणि मग ह्यूस्टन विद्यापीठातून कायद्याची पदव्युत्तर पदवी घेतली. 2017 मध्ये अमेरिकेचे नागरिकत्व मिळाले.

टेक्सासमध्ये जिल्हा न्यायाधीश लोकांच्या मतांनी निवडला जातो. मुदत चार वर्षांची. उमेदवार पक्षाच्या तिकिटावर उभा राहतो, प्रचार करतो, देणग्याही घेतो. आपल्याला हे विचित्र वाटेल. ज्याने निवडणुकीला पैसे दिले, त्याचाच खटला उद्या समोर आला तर? ही शंका तिथल्या लोकांनाही येते.

2022 मध्ये पट्टेल फोर्ट बेंड काउंटीच्या 240व्या जिल्हा न्यायालयासाठी उभे राहिले. त्यांच्या बोलण्याच्या ढंगाची टिंगल झाली. ते जिंकतील असे त्यांच्या डेमोक्रॅटिक पक्षातल्या लोकांनाही वाटत नव्हते, असे ते स्वतः सांगतात. पण आधी पक्षांतर्गत निवडणुकीत त्यांनी विद्यमान न्यायाधीशांना हरवले आणि नोव्हेंबरमध्ये रिपब्लिकन उमेदवारालाही. 2023च्या जानेवारीत, 51व्या वर्षी, त्यांनी शपथ घेतली.

आपल्याकडचा रस्ता

आपल्याकडे न्यायाधीश होण्यासाठी मते मागावी लागत नाहीत. बारावीनंतर पाच वर्षांचा किंवा पदवीनंतर तीन वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम असतो आणि प्रवेशासाठी राज्याची सीईटी. मग दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर, या पदाची परीक्षा लोकसेवा आयोग घेतो. मे 2025 मधील सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर त्यासाठी तीन वर्षांची वकिली पुन्हा आवश्यक झाली आहे. सात वर्षे वकिली केलेल्यांना जिल्हा न्यायाधीशपदाच्या थेट भरतीचीही वाट आहे. म्हणजे वकिलीच्या सुरुवातीच्या तुटपुंज्या कमाईच्या काळात घरच्यांनी धीर धरायला हवा. मुलगी शिकत असेल तर हा धीर जास्तच लागतो, कारण त्याच वर्षांत तिच्या निकाहची घाई सुरू होते.

आणि ज्यांची शाळा सुटली आहे त्यांचे काय? बोर्डाचा 17 नंबरचा फॉर्म भरून दहावी-बारावीला बाहेरून बसता येते. राष्ट्रीय मुक्त विद्यालयाचीही सोय आहे. दिवसा काम, रात्री अभ्यास हे कठीण आहे, अशक्य नाही.

प्रत्येक विडी कामगाराचा मुलगा न्यायाधीश होणार नाही, हे खरे. पट्टेल यांच्याकडे जिद्द होती. पण त्यांना परीक्षेला बसू देणारे शिक्षक, उसने पैसे देणारे मित्र आणि काम देणारा हॉटेलमालकही भेटला. आपल्या मोहल्ल्यात यंदा एखाद्या मुलाने शाळा सोडली असेल, तर यांपैकी एकाची जागा आपणही घेऊ शकतो. निदान त्याच्या घरी जाऊन 17 नंबरच्या फॉर्मची शेवटची तारीख सांगून यावे.