कड्यावरचं आणि कुंडीतलं

‘काटेरी झाड घरात नको,’ असं बजावणाऱ्या कितीतरी घरांच्या गॅलरीत ब्रह्मकमळाची कुंडी असते. पावसाळ्यात एखाद्या रात्री फूल उमलतं, शेजारीपाजारी बोलावले जातात, कुणी हळदकुंकूही वाहतं. आणि हे झाड निवडुंग आहे हे कुणाच्या गावीही नसतं. मेक्सिको-ग्वाटेमालाच्या जंगलांत मोठ्या झाडांच्या फांद्यांवर वाढणारा हा कॅक्टस. आपण पान म्हणतो ते त्याचं चपटं खोड, म्हणून तर ते मातीत खोचलं की रोप होतं. हिमालयातलं ब्रह्मकमळ सूर्यफुलाच्या कुळातलं. त्याचा याच्याशी काही संबंध नाही.

कॅक्टसचं कुळ मूळचं अमेरिकेचं. रिप्सॅलिसची एक जात तेवढी आफ्रिकेत आणि श्रीलंकेतही आपसूक वाढते. आपल्या बांधांवरचा फड्या निवडुंगसुद्धा पाहुणाच. किरमिजी रंग देणारे कोचिनील किडे पाळण्याची ईस्ट इंडिया कंपनीला हौस होती. १७९५ मध्ये ब्राझीलहून जे किडे आले ते भलत्याच जातीचे निघाले. रंग यथातथाच मिळाला, पण किड्यांनी एका जातीच्या निवडुंगाचा पार फडशा पाडला. पुढे दक्षिणेत दुसऱ्या जातीचा फड्या माजला, तेव्हा तो आवरायला १९२६ मध्ये मुद्दाम किडा आणावा लागला. थोर, शेर, तिधारी ही मंडळी मात्र कॅक्टस नव्हेत. खोडाला नख लावलं तर पांढरा चीक येतो. (हा चीक डोळ्यांत गेला तर फार त्रास होतो, छाटणी करताना चष्मा लावावा.) कॅक्टसचे काटे लोकरीच्या बारीक गादीतून उगवतात, तशी गादी यांना नसते.

हौशी लोकांचे निवडुंग मरतात ते बहुधा जुलै-ऑगस्टमध्ये. कडक ऊन ते सोसतात. ओली मुळं, उकाडा आणि कोंदट हवा एकत्र आली की बुडातून सडतात. ही झाडं पानांची वा खोडाची रंध्रं रात्री उघडतात, म्हणून त्यांना गार रात्री मानवतात. पुण्या-नाशिकला जे सहज जमतं त्यासाठी मुंबईत खटपट करावी लागते, ती यामुळे. वर पारदर्शक पत्रा आणि चारी बाजूंनी वारा, एवढं साधलं तर निम्मी लढाई जिंकली. नर्सरीतून आणलेलं रोप बहुतेक वेळा निव्वळ कोकोपीटमध्ये असतं. ते ओलं झालं की लवकर वाळत नाही, आणि ठणठणीत वाळलं की पाणी शोषत नाही. ते झाडून टाकावं आणि जाड वाळू, चाळलेला विटांचा चुरा, प्युमिस किंवा पर्लाइट, जोडीला मूठभर पालापाचोळ्याचं खत अशा मिश्रणात रोप लावावं. थंडीत पाणी जवळजवळ तोडावं. त्या उपासानंतर मॅमिलेरियाच्या माथ्यावर फुलांचं कडं धरतं. डोक्यावर गोंदाने चिकटवलेली रंगीत वाळकी फुलं घेऊन विकायला येणाऱ्या रोपांविषयी मी इथे काही लिहीत नाही. संपादक छापणार नाहीत.

काट्यांच्या बुडाशी कापसासारखा पांढरा ठिपका दिसला तर तो पिठ्या ढेकूण. स्पिरिटमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा काडीने टेकवला की तो तिथेच मरतो. कुंडी बदलताना मुळंही बघावीत. त्याचा एक भाऊबंद तिथेच दडून बसतो आणि रोप का खंगतंय ते महिनोन्महिने कळत नाही.

रोपं वाढवण्याचा खरा आनंद कापण्यात आहे. कापलेला तुकडा लगेच लावायचा नाही. सावलीत आठवडाभर ठेवायचा, जखम कोरडी होऊन खपली धरली की कोरड्या मिश्रणात उभा करायचा. हावोर्थिया, गॅस्टेरिया पानावरून होतात. पानफुटी तर शाळेच्या वहीत ठेवली तरी कडांना रोपं काढते. अडेनियमच्या जोडशेंगा पिकत आल्या की त्यांना दोरा गुंडाळावा, नाहीतर शेंग उकलताच शेंडीवाल्या बिया वाऱ्यावर जातात. आणि बाजारातला तो लाल-पिवळा गोळा? त्यात हरितद्रव्यच नसतं. खालच्या हिरव्या दांड्यावर, म्हणजे बहुधा ड्रॅगनफ्रूटवर, त्याचं कलम केलेलं असतं. धारदार पातीने दोघांचे आडवे छेद घ्यायचे, मधल्या वाहिन्यांच्या कड्या एकमेकींवर येतील असे बसवायचे आणि वरून रबरबँड ताणायचे. कड्या जुळल्या नाहीत तर गोळा सुकतो. बियांपासून रोपं करणाऱ्याला धीर हवा. बी वरच पेरायचं, मातीने झाकायचं नाही. वर्षानंतरही रोप मिऱ्याएवढंच असतं.

एवढी खटपट कशासाठी, याचं उत्तर मला सासूच्या खुर्चीत मिळतं. हा सोनेरी काट्यांचा गोल निवडुंग जगभर लाखोंनी विकला जातो, पण मेक्सिकोत १९९० च्या दशकात सिमापान धरण झालं तेव्हा त्याच्या मूळ जागेचा मोठा भाग पाण्याखाली गेला. कुंडीत मुबलक, रानात दुर्मीळ. आता जवळजवळ सगळे कॅक्टस आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या सायटीस कराराखाली येतात, काही जाती तर सर्वांत कडक यादीत आहेत.

असंच आपल्या सह्याद्रीत शिंदळ माकुडीचं झालं आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ डाल्झेल यांनी एकोणिसाव्या शतकात तिला मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या नावावरून फ्रेरिया म्हटलं. जगात इतरत्र कुठेही नैसर्गिकरीत्या न आढळणारी ही वनस्पती शिवनेरी, सज्जनगड अशा ठिकाणी, कड्याच्या भेगांत लोंबत असते. तिच्या जवळच्या नातेवाइकांना, म्हणजे माकडशिंगांना, नावापुरतीच पानं असतात. हिला पावसाळ्यात चांगली मांसल पानं येतात आणि किरमिजी, पिवळे ठिपके असलेली चांदणीसारखी फुलं लागतात. इथे उभ्या कड्यावर मोजकी उरलेली ही वेल युरोपातल्या काचघरांत फांद्या लावून सहज वाढते. तिच्याच कुळातल्या कंदीलपुष्पांच्या बाबतीत कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात डॉ. श्रीरंग यादव यांनी पुढाकार घेऊन कितीतरी दुर्मीळ जाती बागेत वाढवल्या. मात्र फांदीवरून केलेली सगळी रोपं एकाच आईची नक्कल असतात. कड्यावरचं वैविध्य कुंडीत येत नाही, म्हणून कड्यावरची झाडं तिथेच राहायला हवीत.

शिंदळ माकुडी हवीच असेल तर ज्याच्याकडे ती आधीपासून कुंडीत आहे, त्याच्याकडून वीतभर फांदी मागून घ्यावी. पाऊस ओसरल्यावर ती सावलीत सुकवून, पसरट कुंडीत खडे-वाळूच्या मिश्रणात आडवी टेकवावी. उन्हाळ्यात पानं गळून नुसत्या कांड्या उरतात, तेव्हा मेली समजून कुंडी रिकामी करू नये. मृगाच्या सरींनंतर तिला पुन्हा पालवी फुटते.